हरकत आणि सूचना

हरकतकाका तुमच्याही सोसायटीत असतीलच. नसले तर थोडं थांबा, कोणी ना कोणी निवृत्त होणारच आहे.

आमचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी लोकांच्या हरकती फायलीला लावल्या. निवृत्तीनंतर स्वतःच्या लावायला घेतल्या. सकाळी पेपर आला की कोणी पहिलं पान बघतं, कोणी शेवटचं, कोणी राशिभविष्य. काका थेट आतल्या पानावरची 'वाहतुकीत बदल' ही चौकट गाठतात. अमुक चौकापासून तमुक मंगल कार्यालयापर्यंत शंभर मीटर दोन्ही बाजूंना नो पार्किंग, तात्पुरत्या स्वरूपात, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ अन्वये. नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत लेखी सादर कराव्यात. तुमची-आमची नजर इथून घसरते ती सोन्याच्या भावावर जाऊन थांबते. काका कात्री मागतात.

हे प्रकरण रस्त्यापुरतं राहिलं असतं तर माझी काहीच हरकत नव्हती. पण काका आमच्याकडे पोहे खायला बसले की पहिल्या घासानंतर चमचा खाली ठेवतात. "पोह्यांबद्दल हरकत नाही. सूचना एक आहे." सूचना लिंबाविषयी असते. शेजारच्या बारशाला आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव जाहीर केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, पेढे फिरले, आणि काकांनी बाळाच्या बापाला बाजूला घेऊन विचारलं, "हे नाव प्रायोगिक तत्त्वावर आहे की अंतिम?" एका लग्नात नवरदेव घोडीवर बसून कार्यालयाच्या दारात आला. बँडवाले घामाघूम, वधूमाय ओवाळण्याच्या तयारीत, आणि काका घोडीवाल्याला सांगतायत, "आज सम तारीख. ही बाजू विषम तारखेच्या पार्किंगची. घोडी पलीकडे घ्या." घोडीवाल्यानं घोडी पलीकडे घेतली. ओवाळणीचं तबक रस्ता ओलांडून गेलं. मुहूर्त टळला, तेव्हा काकांनी त्यावरही हरकत नोंदवली.

शोकसभाही सुटली नाही. "दिवंगतांबद्दल काहीच हरकत नाही," अशी सुरुवात करून त्यांनी दोन सूचना केल्या होत्या. दोन्ही माइकच्या जागेबद्दल होत्या.

पुण्यात हेल्मेटसक्तीचं वारं दर काही वर्षांनी सुटतं. २०१९च्या जानेवारीत ते जोरात सुटलं, तेव्हा सक्तीच्या बाजूचे आणि सक्तीच्या विरोधातले असे दोन्हीकडचे लोक काकांकडे सह्या मागायला आले. काकांनी दोन्ही निवेदनांतलं शुद्धलेखन तपासून कागद परत केले. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला, ते बघायला काका टीव्हीसमोर जागे होते. स्फोट झाला, धूळ बसली, तरी पुलाचा काही भाग सळ्यांना धरून तसाच उभा, आणि मग यंत्रं लावून तो पाडावा लागला. काकांना पूल पडण्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. अर्धवट पडण्याबद्दल होतं. विसर्जन मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात बंद रस्त्यांची आणि पर्यायी मार्गांची जी लांबलचक यादी छापून येते, ती म्हणजे काकांचा दिवाळी अंक. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता, टिळक रस्ता असं लाल पेन्सिल घेऊन ते ओळ न ओळ वाचतात. "शिवाजी रस्त्यावरची वाहतूक वळवली, ठीक. पण वळवून नेली कुठे? ज्या गल्लीत नेली तिथे मांडव आहे!" मांडव असतोच. हीच त्यांची पंचाईत आहे, त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं. त्यामुळे ते आणखीच असह्य होतात.

आता आमच्या भागातल्या वाहतूक विभागाच्या कार्यालयाविषयी. दोन खोल्या, पत्र्याची शेड, कोपऱ्यात एकात एक अडकवलेले बॅरिकेड, आणि बाहेर उचलून आणलेल्या दुचाक्या माना वळवून ओळीनं उभ्या. इथे स्वखुशीनं कोणी येत नाही. येतात त्यांत तीन प्रकार. पहिला म्हणतो, "पाचच मिनिटं लावली होती हो!" दुसरा फोन पुढे करतो, "साहेबांशी बोला." पलीकडे कोणते साहेब आहेत ते कधीच कळत नाही, कारण फोन कोणी घेतच नाही. तिसरा म्हणतो, "बोर्ड दिसलाच नाही." काउंटरवरच्या हवालदार बाई तिघांनाही एकच उत्तर देतात, "फोटो बघा." फोटोत तुमची गाडी, तुमचा नंबर आणि तुमच्या गाडीच्या डोक्यावर तोच बोर्ड. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१पासून साध्या नियमभंगाचा दंड दोनशेचा पाचशे झाला आणि तोच गुन्हा पुन्हा केला तर पंधराशे. वर उचलण्याचा खर्च वेगळा. तेव्हापासून पहिल्या प्रकाराची पाच मिनिटं दोनवर आली आहेत.

या रांगेत काका उभे राहतात. हातात पत्राच्या दोन प्रती. नंबर आला की संवाद ठरलेला.

"गाडी नंबर?"

"गाडी नाही."

"मग उचललं काय?"

"काही नाही. हरकत द्यायची आहे."

रांगेतले मागचे लोक चुळबुळतात. आपली गाडी आत अडकलेली नसताना कोणी या दारात यावं, हे त्यांच्या पचनी पडत नाही. काकांकडे स्कूटर नाही, मोटार नाही, लायसनही नाही. आयुष्यभर सायकल, मग पीएमटी, आता पाय. एकदा तिथे नवीन आलेल्या पोरानं त्यांच्यापुढे छापील अर्ज सरकवला. त्यात 'वाहन क्रमांक' असा रकाना होता. काकांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पायी'. मग दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि गोल शिक्का घेतल्याशिवाय ते हलले नाहीत. शिक्का अर्धवट उमटला तर दुसरा मारून घेतात. काकू म्हणतात, "लोकांच्या गाड्या उचलून नेतात, यांनाच कसं कोणी उचलत नाही?"

पत्रात असतं काय? नोटिशीत 'औषधाच्या दुकानापासून' म्हटलंय, ते दुकान बंद होऊन तिथे मोबाइलवाला आलाय. हद्द कुठून मोजायची? शंभर मीटर लिहिलंय, प्रत्यक्षात पट्टे ब्याऐंशी मीटरलाच संपतात, टेप लावून मोजलंय. सम-विषम पार्किंगचा पी-वन बोर्ड झाडामागे गेलाय. फांदी छाटावी किंवा बोर्ड हलवावा, झाड हलवू नये. बदलून येणाऱ्या प्रत्येक साहेबाला खुर्ची, वायरलेस आणि काका या तीन गोष्टी चार्जमध्ये मिळतात. पहिल्या भेटीत साहेब चहा पाजतात. दुसऱ्या भेटीत "वरिष्ठ कार्यालयाला द्या" म्हणतात. काका देतात. काही आठवड्यांनी ते पत्र 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन त्याच साहेबांच्या टेबलावर परत येतं. यावर काकांचा अभिप्राय असा की एवढा वेळ लागला म्हणजे पत्रानं सगळे सिग्नल पाळलेले दिसतात.

सिग्नलवरून आठवलं. आमच्या चौकात शाळा आहे, पलीकडे दवाखाना. तिथला पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा बारा सेकंद टिकायचा. बारा सेकंदांत तरुण माणूस निम्म्यावर पोचतो आणि काठीवाली आजी दुभाजकावर उभी राहून देवाचं नाव घेते. काका घड्याळ लावून फुटपाथवर उभे राहिले, कोणाला किती वेळ लागतो ते वहीत लिहिलं, आणि पत्र दिलं. साहेब म्हणाले, "काका, सेकंद वाढवले तर मागे गाड्यांची रांग जाते." काकांनी रांगही मोजली आणि दुसरं पत्र दिलं. मग तिसरं. उत्तर आलं नाही. एक दिवस सकाळी दिव्यावरचा आकडा वीसपासून उलटा सुरू झाला. ना बोर्ड, ना बातमी. आजी पलीकडे पोचल्या आणि आपण पोचलो याचं त्यांना नवल वाटलं. आम्ही काकांचं अभिनंदन केलं तर काका भडकले, "लेखी उत्तर न देता सूचना मान्य केली! यावर माझी हरकत आहे." चौथं पत्र गेलं.

मध्यंतरी काका मुलाकडे न्यू जर्सीला गेले. सहा महिन्यांसाठी गेलेले तीन महिन्यांत परतले. कारण विचारलं तर म्हणाले, "खांबावरचं बटण दाबलं की दिवा लागतो. मी फुटपाथच्या कडेला नुसता उभा राहिलो तर गाड्या थांबल्या. ओशाळल्यासारखं होतं हो. तिथे माणसानं लिहायचं काय?"

ते तिकडे असताना भाच्याची उचललेली गाडी सोडवायला मी त्या कार्यालयात गेलो होतो. बाईंनी पावती दिली आणि आवाज उतरवून विचारलं, "काका बरे आहेत ना? बऱ्याच दिवसांत आले नाहीत." मी अमेरिकेचं सांगितलं. त्यांनी मागच्या कपाटातून एक फाईल काढून दाखवली. परिसरातल्या वाहतूक बदलांवर आलेल्या हरकती व सूचना. पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत एकच अक्षर, एकच सही. आदेश मात्र रीतसर छापलेले: 'नागरिकांकडून प्राप्त झालेल्या हरकती व सूचनांचा विचार करून'. एवढ्या गाड्यांच्या, एवढ्या हॉर्नच्या, चौकाचौकात पोलिसांच्या नावानं बोटं मोडणाऱ्या या शहरात 'नागरिक' म्हणून सरकारदरबारी नोंद झालेला माणूस एक, आणि त्याच्याकडे गाडी नाही.

काका परत आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या टेबलावरही असंच असायचं. धरणाची नोटीस निघायची, हरकती मागवायचो, यायच्या नाहीत. आम्हालाही बरंच वाटायचं. आता कळतं, तेव्हा कोणी लिहीत का नव्हतं. वाचतंय कोण, असं वाटायचं लोकांना." मग थोड्या वेळानं, "घरात आता मला कोणी काही विचारत नाही. पेपरात छापून विचारणारं हे एकच खातं आहे. उत्तर नको द्यायला?"

यावर माझ्याकडे हरकतही नव्हती आणि सूचनाही.

परवाच्या विसर्जनाला दुसऱ्या दिवशी पहाटे काका थर्मास घेऊन चौकात गेले. रात्रभर उभ्या असलेल्या हवालदार बाईंना त्यांनी चहा दिला. बाई म्हणाल्या, "बसा काका." काका बसले नाहीत, कारण खुर्ची झेब्रा पट्ट्यावर होती.

तेव्हा तुमच्याकडच्या हरकतकाकांचा जाच होत असेल तर त्यांना टाळून उपयोग नाही. उपाय एकच आहे. पुढची नोटीस निघेल तेव्हा त्यांच्या आधी तुम्ही पत्र द्या. दोन प्रती न्या, आणि दुसरीवर शिक्का घ्या. त्यांची चिडचिड होईल, पण फाईलमध्ये दुसरं अक्षर येईल. त्याची त्या फाईलला फार गरज आहे.