शेळी खात नाही ते लावा

महापालिकेला धोरण नसतं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा उद्यान विभागाकडे बघावं. पथ विभाग आज डांबर ओततो आणि उद्या तेच खोदतो. पाण्याची लाइन नेमकी कुठून गेली आहे, हे पाणीपुरवठा विभागाला ती फुटल्यावर कळतं. उद्यान विभागाचं तसं नाही. त्याचं धोरण एका ओळीत मावतं आणि आयुक्त कोणीही येवो, त्यात काना-मात्रेचा बदल होत नाही. शेळी खात नाही ते लावा.

या धोरणात खोट काढायला जागा नाही. शेळी खात नाही म्हणजे मोकाट गायही खात नाही. कुंपणाची गरज उरत नाही. (कुंपणाचं टेंडर निघतं, पण ते गरजेपोटी निघत नसतं.) पाण्याचा टँकर चार दिवस आला नाही तरी झाड मान टाकत नाही. वर बारा महिने फुलं, म्हणजे पाहुणे उद्घाटनाला कधीही आले तरी फोटो चांगला येतो. एवढे गुण एकाच झाडात कसे काय एकवटले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. उत्तर शेळीला ठाऊक आहे. घसरगुंडीवरून उतरून झुडपात शिरणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला ते ठाऊक नसतं.

मानाचं पान अर्थातच कण्हेरीचं. बागेच्या कडेनं कण्हेर, बंद कारंज्याभोवती कण्हेर, खेळण्यांमागे आडोसा म्हणून कण्हेर आणि बागेतून बाहेर पडलात की महामार्गाच्या दुभाजकावर पुन्हा कण्हेर. मुळापासून फुलापर्यंत या झाडाचा एकही भाग बिनविषारी नाही. त्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयाच्या ठोक्यांवर उठतं. 1945 साली अणुबॉम्बनं हिरोशिमा बेचिराख झालं, आता इथे गवतही उगवायचं नाही असं लोक धरून चालले होते, त्या राखेतून सर्वांत आधी फुलली ती कण्हेर. पुढे त्या शहरानं तिला आपलं अधिकृत फूल केलं. अणुबॉम्बला पुरून उरलेलं झाड आपल्या देखभालीलाही पुरून उरेल, हे ज्या अधिकाऱ्याला प्रथम सुचलं त्याचा अर्धपुतळा बागेत बसवायला हवा.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे कण्हेरीच्याच कुळातलं झाड. घंटेसारखी पिवळीधमक फुलं, हिरवी चकचकीत फळं आणि आत टणक बी. विष या बीत ठासून भरलेलं असतं. फळाचा आकार मुलांच्या मुठीत बरोब्बर बसेल असा असतो, ते आपणहून खाली पडतं, आणि हे झाड लावण्यासाठी उद्यान विभागाला झोपाळ्याशेजारची जागा फार आवडते.

केरळात 2024 च्या मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं बंद केलं. एका तरुणीच्या मृत्यूमागे कण्हेर असल्याचा संशय व्यक्त झाला होता. मंडळांनी तेवढ्यावर निर्णय घेऊन टाकला. ना उपसमिती, ना अहवाल, ना अहवालावर अहवाल. हजारो वर्षांची परंपरा सांगणाऱ्या देवळांना जे काही दिवसांत जमलं, ते दर पाच वर्षांनी नवी माणसं निवडून देणाऱ्या व्यवस्थेला का जमू नये, हे मला कळत नाही. कदाचित देवळात देव तरी असतो.

आपल्याकडेही कण्हेर देवाला चालते. गणपतीच्या एकवीस पत्रींत कण्हेर आहे, धोतरा आहे, रुई आहे. महाशिवरात्रीला धोतऱ्याचा मान मोठा. हलाहल पचवलेल्या देवाला धोतऱ्याचं काय कौतुक! पूर्वजांनी विषारी झाडं ओळखली आणि देवाच्या पायावर घातली. आम्ही ती ओळखली नाहीत आणि बालोद्यानात घातली.

अर्थात देवाच्या नावावर बागेत वावरणारा एक वर्ग आजही शिल्लक आहे. पहाटे पाचला हातात आकडी, काखेत पिशवी आणि ओठांवर स्तोत्र घेऊन येणारे ते ज्येष्ठ नागरिक. प्रवेशद्वारावर ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी असते; ती वाचण्याएवढा उजेड होण्याआधी त्यांची पिशवी भरलेली असते. या पाटीला आपण उगीच हसतो. नीट पाहिलं तर विषबाधा रोखण्यासाठी महापालिकेनं आजवर केलेली ती एकमेव उपाययोजना आहे. बाकीच्या पाट्यांवर गवतावर बसू नये, क्रिकेट खेळू नये, कुत्री आणू नयेत, जोडप्यांनी सभ्यता पाळावी, असं सगळं आहे. लोकार्पणाच्या संगमरवरी फलकावर तर महापौरांपासून प्रभाग समितीच्या सदस्यांपर्यंत सर्वांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत. नाव नाही ते फक्त झाडांचं.

क्वचित असतं. ज्या बागांना ‘औषधी वनस्पती उद्यान’ म्हणून वेगळा निधी मिळाला, तिथे प्रत्येक रोपासमोर हिरवी पाटी खोचलेली दिसते. धोतरा, उपयोग: औषधी. गुंज, उपयोग: औषधी. रुई, औषधी. कळलावी, औषधी. या पाट्या रंगवणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला जे लिहून दिलं ते त्यानं रंगवलं. लिहून देणाऱ्यानं मात्र आयुर्वेदाचा ग्रंथ अर्धाच उघडला असावा. कारण आयुर्वेदात रुई, धोतरा, कण्हेर, गुंज आणि कळलावी ही मंडळी ‘उपविष’ या वर्गात बसवलेली आहेत. त्यांचं शोधन झाल्याशिवाय वैद्य त्यांना औषधात घेत नाही. गुंजेच्या बिया दुधात किंवा कांजीत उकळतात, धोतऱ्यावरही असेच सोपस्कार होतात, आणि मग अगदी बेताची मात्रा. पाटीवर जागा कमी होती म्हणून ‘उप’ गेलं, ‘विष’ गेलं, शोधन गेलं, मात्रा गेली. राहिलं ते ‘औषधी’. आधुनिक वैद्यकात कळलावीतलं कोल्चिसीन गाऊटवर देतात हे खरं आहे, पण ते तोलून-मापून, गोळीतून. बागेतला कंद उपटून कोणी देत नाही. ‘औषधी’ हा शब्द वाचल्यावर आपल्याकडचा नागरिक काय करतो, हे ठाऊक असलेल्या माणसानं तरी ही पाटी लावायला नको होती.

काय करतो, ते बागेच्या फाटकाबाहेर रोज सकाळी दिसतं. कारल्याचा रस, दुधीचा रस, गव्हांकुराचा रस, कोरफडीचा रस. निसर्गातून आलेलं कधी बाधत नाही, हे तिथलं अधिष्ठान. कडू लागलेल्या दुधीच्या रसानं माणसं दगावल्याचे प्रकार घडले, तेव्हा आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीला सांगावं लागलं की दुधी कडू लागला तर तो पिऊ नका. पण रसाच्या गाड्याभोवतीच्या सभेत कडू म्हणजे गुणकारी, हा ठराव कधीच एकमतानं मंजूर झाला आहे. अशा नगरीत ‘धोतरा, औषधी’ अशी पाटी लावणं हे धाडसच.

बागेत या विषयाची जाणकारी असलेला माणूस एकच, कंत्राटी माळी. असाच एक बीडकडचा माळी कण्हेरीची छाटणी करत होता. मी विचारलं, “मामा, ही विषारी आहे हे ठाऊक आहे ना?”

“न ठाऊक असायला काय झालं, साहेब? आमच्याकडं बांधाला लावतो आम्ही. गुरं शिवत न्हाईत.”

“मग इथे पोरांच्या झोपाळ्याशेजारी?”

“ते मला काय विचारता? रोपं ठेकेदाराच्या गाडीतनं येतात. गाडीत जे येतं ते खड्ड्यात जातं.”

“साहेबांना सांगितलंत का कधी?”

“सांगितलं की. म्हणाले, तुला झाडांतलं काय कळतं?”

माळी हातांवर मोजे न घालता छाटत होता. मोजे टेंडरमध्ये होते म्हणे. एवढंच त्याला ठाऊक होतं.

आता जी झाडं विभागानं लावलेली नाहीत, पण प्रेमानं सांभाळली आहेत, त्यांच्याबद्दल थोडं. राडारोडा टाकलेल्या कोपऱ्यात एरंड आपला आपण येतो. ओसाड गावात एरंड बळी म्हणतात, तसा आमच्या बागेत तोच वृक्षराज. 1978 मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ जॉर्जी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या मांडीत छत्रीच्या टोकानं एक बारीकशी गोळी घुसवली गेली आणि काही दिवसांत तो मेला. त्या गोळीतलं रायसिन एरंडाच्या बीतून काढतात. गुप्तहेरांना ज्यासाठी एवढी यातायात करावी लागली, त्या बिया आमच्याकडे सी-सॉखाली सांडलेल्या असतात. एरंड काढण्याबद्दल वृक्ष प्राधिकरणात चर्चा झाल्याचं ऐकतो. ते गुऱ्हाळ कसलं असणार, हे वेगळं सांगायला नको.

गाजर गवताचा तर या राज्याशी जुना घरोबा. भारतातल्या त्याच्या प्रसाराची नोंद 1950 च्या दशकात पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर गेलं. पुण्यानं देशाला काय दिलं, याच्या यादीत ते कोणी घालत नाही, हा अन्याय आहे. अंगावर चट्टे उठवणं, दमा चाळवणं ही त्याची रोजची कामं. दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताह असतो. त्यात अधिकारी उघड्या हातांनी एकेक रोप उपटतात, फोटो निघतो. सप्ताह संपला की उरलेली रोपं हजारोंनी बिया टाकून पुढच्या सप्ताहाची बेगमी करतात.

घाणेरी शोभेची म्हणून सुमारे दोनशे वर्षांपूर्वी या देशात आणली गेली आणि जंगलांत घुसली. आता वनखातं तिला उपटायला पैसे खर्च करतं आणि उद्यान खातं तिच्याच नव्या रंगांच्या जाती रोपवाटिकेतून विकत घेतं. तिची हिरवी फळं पोटात जाणं बरं नव्हे, आणि पाला खाल्ला तर गुरांचं यकृत जातं. दोन्ही खात्यांचं सरकार एकच आहे, ही माहिती घाणेरीला असावी; तिचा तोरा तसा दिसतो.

डिफेनबाखियाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मोठ्या ठिपक्याठिपक्यांच्या पानांची ही कुंडी महापालिकेच्या दालनाबाहेर हमखास असते. तिचं पान चावलं तर त्यातले सुईसारखे स्फटिक जिभेत घुसतात, जीभ सुजते आणि काही काळ बोलता येत नाही. ही कुंडी दालनाबाहेर न ठेवता सर्वसाधारण सभेत प्रत्येक बाकावर एक याप्रमाणे ठेवावी, अशी माझी सूचना आहे.

चंद्रज्योतीवर विनोद करायला मन होत नाही. मोगली एरंड किंवा जत्रोफा म्हणतात ते हेच झाड. 2003 नंतर डिझेल झाडावर पिकणार असं सरकारनं ठरवलं आणि ते माळावर, कुंपणाला, शाळांच्या कडेला लावण्याचा उत्साह आला. डिझेल काही पिकलं नाही. बिया पिकल्या. त्यांची चव शेंगदाण्यासारखी असते, म्हणून पोरं वाटून खातात. मग उलट्या, जुलाब आणि रुग्णालयाच्या एकेका खाटेवर दोन-दोन मुलं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने विद्यार्थ्यांना विषबाधा’ ही बातमी अधूनमधून येतच असते; गावाचं नाव तेवढं बदलतं.

यावर उपाय म्हणून एक अभ्यास दौरा होऊ शकतो, आणि माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. इंग्लंडात नॉर्थम्बरलंडमधल्या अ‍ॅल्निक इथे 2005 साली तिथल्या डचेसबाईंनी खास विषारी झाडांचीच बाग सुरू केली. काळं लोखंडी फाटक, त्यावर कवटी आणि हाडं, ही झाडं जीव घेऊ शकतात असा ठळक इशारा. आत सुमारे शंभर जातींची झाडं. मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही, आणि झाडांना हात लावायचा नाही, वास घ्यायचा नाही, चाखायचं तर नाहीच. आमचे सदस्य तिथे जातील, फाटकासमोर फोटो काढतील आणि परत येऊन सांगतील की या बाबतीत आपण इंग्लंडच्या पुढे आहोत. कारण तिथे तिकीट लागतं. आपल्याकडे प्रवेश मोफत आहे आणि चाखायलाही कोणाची आडकाठी नाही.

वास्तविक झाडांवर राग धरण्याचं कारण नाही आणि कोणी कुऱ्हाड घेऊन निघण्याचंही नाही. 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम आहे. परवानगीशिवाय बुंध्याला हात लावलात तर तुम्हीच आत जाल. कण्हेर रस्त्याच्या मध्यभागी शोभते, तिथे राहू दे. खेळण्यांच्या आसपास जांभूळ लावा, जास्वंद लावा, मोगरा लावा. त्यांना पाणी घालावं लागेल आणि शेळीकडे लक्ष ठेवावं लागेल, त्याचाच पगार आपण देतो. आणि जे विषारी आहे त्याच्यापुढे मराठीत, मोठ्या अक्षरांत, ‘विषारी’ असं लिहा. एका पाटीचा खर्च लोकार्पणाच्या एका हारापेक्षा जास्त येत नाही.

तोवर वाचकहो, आपली पोरं आपणच सांभाळायची आहेत. मुलानं बागेतलं काही पान-बी खाल्लं असं वाटलं तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढायच्या फंदात पडू नका आणि ग्रुपवर फोटो टाकून उपाय विचारत बसू नका. 108 ला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा, आणि त्या झाडाची एक फांदी, फळासकट असली तर उत्तम, डॉक्टरांना दाखवायला पिशवीत घालून सोबत न्या.