रॅम्बोची सुरी आणि खिचडीचा कांदा

प्रस्तुत लेखकाला रानात न्यायला सुरी हवी होती. घडीची नव्हे, म्यानातून सपकन निघणारी, ‘फिक्स्ड ब्लेड’ म्हणतात ती. कशाला, असं घरून विचारल्यावर “गरज पडते” एवढंच तो गंभीरपणे म्हणाला. सह्याद्रीत पडणाऱ्या गरजा अशा: खिचडीचा कांदा, सुतळी, मसाल्याची पुडी आणि चूल पेटवायला काटकीचे ढलपे. अस्वल यात कुठेच नाही.

सगळा घोळ १९८२चा. त्या साली रॅम्बोचा ‘फर्स्ट ब्लड’ हा सिनेमा आला आणि सुऱ्यांचा कारागीर जिमी लाइलने त्यासाठी घडवलेली, पाठीवर करवतीचे दाते असलेली पोकळ मुठीची सुरी पुरुषांच्या डोक्यात रुतून बसली. मूठ पोकळ असली की पात्याचं शेपूट आत फार जात नाही. स्वस्तातल्या नकला जोर लावताच नेमक्या तिथेच मोडतात. हे कळल्यावर लेखक ‘फुल टँग’च्या भजनी लागला, म्हणजे पात्यापासून मुठीच्या टोकापर्यंत अखंड पोलाद. मग पोलादांची नावं पाठ झाली. ‘१०९५’ या पोलादात कार्बन सुमारे ०.९५ टक्के; त्याला धार झटकन लागते आणि आपल्या पावसात गंजही. आमटीत मीठ किती घालायचं हे ज्याला आजवर उमगलं नाही, तो चारचौघांत कार्बनचे टक्के सांगू लागला.

आणि आपला गावचा कोयता? ट्रकच्या जुन्या पाट्याचा, गावच्या लोहाराने ठोकलेला आणि पाणी दिलेला. कोकणात तो कमरेमागच्या आकडीत अडकतो. हात मागे गेला की मूठ हातात, बघावंही लागत नाही. शेपूट लाकडी मुठीत ठोकून बसवलेलं, म्हणजे फुल टँग नाहीच! तरी नारळ सोलतो, कवळं तोडतो, आणि मूठ सैल झाली तर दगडावर दोनदा आपटली की काम चालू. आकडीवाला माणूस लेखकाच्या रॅपलिंगच्या हुकांकडे बघून नुसता हसतो. त्या हसण्यावर एक पुस्तक होईल.

विनोद जरा बाजूला. नवी धार आजमावायला वाटेतली कारवी सपासप उडवणारे, झाडांच्या सालीवर बदाम कोरणारे बघितले की डोकं फिरतं. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. साल चहूबाजूंनी गेली की झाड उभ्या उभ्या मरतं. कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते आणि संपते. सहाव्या पावसाळ्यात तिला कुणाच्या तरी हौसेपायी छाटायची?

अखेर स्वीडनमधल्या मोरा गावची साधी सुरी घेतली. पातं स्टेनलेस, जेमतेम दहा सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, मूठ प्लॅस्टिक-रबराची. फुल टँग इथेही नाही. शस्त्र नियमांतली नऊ इंचांची मर्यादा तिला स्वप्नातही गाठता येणार नाही. कांदा मात्र झकास चिरते. सहा मिलिमीटरचं रांगडं पातं तो चिरत नाही, फोडतं.

आता एकच अडचण. कमरेला लावली की ती शर्टाखाली झाकली जाते. शर्ट खोचला तर दिसते, पण मग पोटही दिसतं.