फळीतलं पाणी

कॅलिफोर्नियात सांता क्रूझला मराठी माणसाच्या घरी तुळस सापडेल, हार्मोनियमही सापडेल. साडेनऊ फुटी सर्फबोर्ड सहसा सापडत नाही. आमच्या दिवाणखान्यात तो तिरका उभा आहे, कारण सरळ उभा केला तर छताला लागतो. 1960 च्या दशकातला, मूळचा पांढरा, आता उन्हाने मुरांब्याच्या रंगाला आलेला. मधोमध लाकडाची बारीक पट्टी, वर मेणाचे थर आणि त्यात गुडघ्यांचे दोन खळगे. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पाणी मारत जायची जुन्यांची पद्धत. हे गुडघे माझ्या मित्राचे. सुतारकामातून निवृत्त झालेला तो गृहस्थ लाटेवर असा उभा राही, जणू बसची वाट बघतोय. मी कोकणातला. आमच्या लहानपणी समुद्राला नारळ द्यायचा, त्याच्याकडून मासे घ्यायचे. त्याच्या डोक्यावर उभं राहावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पायाला बांधायची दोरी त्याने कधी वापरली नाही. 1971 साली ताणलेल्या दोरीने उलट फिरलेला बोर्ड लागून वेटसूटवाल्या जॅक ओनीलचा डावा डोळा गेला, हे कारण तो दर वेळी सांगे. पण बोर्ड सुटला की त्याला पोहत किनाऱ्याला यावं लागे, आणि तिथे पोहता न येणारा मी, पॅन्ट दुमडून बोर्ड धरून उभा. मग लाटा राहायच्या बाजूला. 1885 मध्ये हवाईचे तीन राजपुत्र इथेच, सॅन लॉरेन्झो नदीच्या मुखाशी, रेडवूडच्या फळ्यांवर लाटा खेळले, ही गोष्ट तो अशी रंगवी की चौथा हाच असावा.

शेवटी शेवटी त्याची एकच तक्रार : बोर्ड जड होत चाललाय. वय तुझं वाढतंय आणि वजन बोर्डाचं, असं मी चिडवायचो. तो गेल्यावर त्याच्या सोबत्यांनी समुद्रात बोर्डांचं रिंगण करून फुलं सोडली; मी किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. त्या कामाबद्दल की काय, त्याच्या मुलीने बोर्ड मला दिला. उचलला, तर खरंच जड! फायबरग्लासला चिरा पडल्यात, आतल्या फोमने वर्षानुवर्षं पाणी शोषलंय, असं दुरुस्तीवाला म्हणाला. जुनी ठिगळं उघडून वाळवायची त्याची तयारी होती. मी म्हटलं, राहू दे.

आता टोकाकडून अधूनमधून थेंब ठिपकतो. बायकोने खाली स्टीलची वाटी ठेवली आहे. पाहुण्यांनी विचारलं की ती सांगते, "ह्यांच्या मित्राचं आहे, अजून गळतंय. चहात साखर किती?"