दहा बाय बारा आणि फोर बाय फोर

आमची लालबागची खोली दहा बाय बाराची. त्यातून मोरी आणि आजीचा देव्हारा वजा केला की उरेल ती जागा आमची. एवढ्यात आजी, आई-बाबा, आम्ही तिघं भावंडं आणि नोकरी शोधायला गावाहून आलेला कोणीतरी एक कायमचा पाहुणा, असा संसार सुखाने झाला. आता चिरंजीवांनी पसंत केलेली ग्रँड विटारा ही गाडी आहे ४,३४५ मिलिमीटर लांब आणि १,७९५ मिलिमीटर रुंद. बाबांचा जन्म मिलमध्ये गेला, पण मिलिमीटरशी त्यांचं कधी जमलं नाही. त्यांनी हिशेब फुटांत मागितला. सव्वाचौदा बाय सहा.

“म्हणजे खोलीत मावत नाही,” बाबा म्हणाले.

“खोलीत कोण ठेवतंय?”

“मग कुठे ठेवताय?”

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी घेताना काय काय पाहावं, यावर शहाण्या माणसांनी बरंच बोलून ठेवलंय आणि चिरंजीवांनी ते सगळं जेवताना मोबाइलवर पाहिलंय. ग्राउंड क्लिअरन्स, टॉर्क, डिफरन्शियल. बाबांचा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. ती माणसं बहुधा बंगल्यात राहतात.

खरं तर चारही चाकांची ही गरज लालबागेत निर्माण झालेलीच नाही. ती झाली गावी. आमचं घर लांज्याच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून खाली वाडीत. मधला उतार तांबड्या मातीचा. वैशाखात त्यावरून लग्नाची वरात नाचत उतरते. भाद्रपदात गुरंसुद्धा विचार करून पाय टाकतात. गेल्या गणपतीत मेव्हण्याची गाडी खाली उतरली झोकात, पण निघताना वर चढेना. पुढची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली आणि मागची नुसती बघत बसली. मेव्हणा जितका अॅक्सिलरेटर दाबी तितका चिखल बाजूला उभ्या असलेल्या चुलत्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. चुलत्यांनी सदऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “गोणपाट आणा रे,” एवढंच म्हणाले. पोरांनी गोणपाट आणलं, झावळ्या आणल्या, चाकांखाली कोंबल्या. बाकीच्यांनी मागून खांदा लावला. ‘गणपती बाप्पा मोरया’ झालं आणि गाडी अशी सुसाट वर गेली की चाकाखालचं गोणपाट उडून वईवर जाऊन लटकलं.

चिरंजीव खांदा न लावता हे सगळं शूट करत होते. रात्री आरती झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, “पप्पा, आपल्याला ऑल-व्हील-ड्राइव्हच पाहिजे.”

मग एका रविवारी सहकुटुंब शोरूम. तिथल्या टायवाल्या मुलाने, खोटं कशाला बोला, फार छान समजावलं. एरवी गाडी पुढच्याच चाकांवर चालते. ती घसरायला लागली की कॉम्प्युटरला कळतं, मधला क्लच आवळला जातो आणि इंजिनाची थोडी ताकद मागच्या चाकांना मिळते.

“म्हणजे एकाचं पार घसरल्याशिवाय दुसरा हात लावत नाही,” बायको माझ्याकडे बघत म्हणाली. “आमच्याकडे आहे ही सिस्टिम.”

गाडीत एक गोल बटण असतं. त्यावर चार मोड: ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. लॉक म्हणजे चिखलात रुतल्यावर मागच्या चाकांनाही मुद्दाम कामाला लावायचं. स्नोवर मात्र मी अडखळलो. लालबागेत बर्फ मला दोनच ठिकाणी माहीत आहे, गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासळीच्या टोपलीत. दोन्हीकडे गाडी घालायची माझी इच्छा नाही. मुलगा हसला आणि फॉर्म भरायला घेतला. “सर, ऑफ-रोडिंग करता का?” मी म्हटलं, “लालबागला राहतो.” त्याने ‘हो’ लिहिलं.

घरी आल्यावर सल्ल्यासाठी तळमजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. डबलडेकर त्यांनी करी रोडच्या गर्दीतून काढलेली आहे, त्यामुळे आम्ही कुठलीही गाडी दाखवली तरी ते तिच्याकडे खेळणं बघावं तसं बघतात.

“चारही चाकं कशाला?” काका म्हणाले. “एसटी किती चाकांवर चालते? ताकद मागच्याच चाकांना. १९४८ सालापासून चालत्येय. तुझ्या गावाच्या घाटीत एसटी येते ना?”

“येते.”

“रुतते?”

“कधी कधी.”

“मग काय करता?”

“उतरून ढकलतो.”

“झालं तर!”

काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनीही मागच्याच चाकांवर चालायची. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा काकांनी पेपर बाजूला ठेवून चहा नको म्हणून सांगितलं होतं. त्या गाडीच्या कॅरिअरवर ट्रंक, गादी, मखर बांधून आत आठ माणसं घालून लालबाग-परळची अर्धी वस्ती गणपतीला गावी जायची. ग्राउंड क्लिअरन्स तेव्हाही होता, पण तो कुणी मोजत नसे. खालून ठक्क आवाज आला की दोघं उतरायचे, तेवढा क्लिअरन्स वाढायचा.

पाण्याच्या बाबतीत मात्र काका गंभीर होतात. लोकांना वाटतं, चारही चाकांची गाडी म्हणजे हिंदमाता चौकातल्या पाण्यात खुशाल घाला. हिंदमाता सखल, त्यात भरती असली की पाणी समुद्र घेत नाही. पालिकेने दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, पूल जोडले, तेव्हापासून पूर्वीइतके हाल नाहीत. पण २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, काका ड्यूटीवर होते. त्यांचा कायदा साधा आहे: चाकं किती फिरतात ते पाणी बघत नाही, इंजिन हवा कुठून घेतं ते बघतं. हवेच्या वाटेने पाणी आत गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. मग आतलं लोखंड वाकतं. बंद पडलेली गाडी पुन्हा चावी मारून चालू करायला गेलात तर इंजिन तर जातंच, वर साधा विमाही बहुधा हात वर करतो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. “पाण्यात ऑल-व्हील-ड्राइव्हचा एकच उपयोग,” काका म्हणाले, “चारही चाकं एकदम बुडतात.”

ब्रेकचंही तसंच. चिखलातून निघायला चार चाकांची ताकद कामी येते, पण थांबायला सगळ्याच गाड्यांना चार चाकांचे ब्रेक असतात. कशेडी घाटाच्या ओल्या वळणावर ज्याचे टायर गुळगुळीत, तो घसरणार, मग बटणावर काहीही लिहिलेलं असो. आणि टायरचा एक जास्तीचा खर्च शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. ऑल-व्हील-ड्राइव्हला चारही टायर सारखे झिजलेले लागतात. एक पंक्चर होऊन बाद झाला म्हणून एकटाच कोरा टाकला, तर त्याचा घेर बाकीच्यांपेक्षा मोठा होतो, चाकं कमी-जास्त फिरतात आणि मधल्या क्लचला वाटतं, कोणीतरी घसरतंय. तो बिचारा सपाट रस्त्यावरही राबत बसतो. हे मला भायखळ्याच्या मेस्त्रींनी सांगितलं, आणि मेस्त्री उगाच खर्च सांगत नाहीत. ते आधी खर्च करतात, मग सांगतात.

पैशाचा विषय बायकोकडे. तिने चाळीच्या भिशीची जुनी वही काढली आणि मागच्या पानावर रेघ मारली. हीच गाडी २०२२मध्ये आली तेव्हा वरच्या मॉडेलमध्ये दोन चाकांची आणि चार चाकांची यांत दीड लाखाचा फरक होता. कंपनीच्या कागदावर तेव्हा दोन चाकांची मॅन्युअल लिटरला २१.११ किलोमीटर द्यायची, चार चाकांची १९.३८. आमची गाडी वर्षाला धावून धावून पाच हजार किलोमीटर धावणार, म्हणजे वीसेक लिटर पेट्रोल जास्त. ते तिने माफ केलं. पण रस्ता कर? दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के. गाडीची किंमत दीड लाखाने वाढली की त्या दीड लाखावरही १२ टक्के. शिवाय सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के, त्याहून लांब गाडीला ४०.

“पस्तीस सेंटिमीटरसाठी बावीस टक्के!” ती म्हणाली. “या भावात लालबागेत जागा मिळते.”

मग तिने खरा सवाल टाकला. दीड लाखात गावी काय काय होईल? महामार्गाचं काम निघाल्यापासून आमच्याकडे हाकेच्या अंतरावर जेसीबी उभा असतो. तो बोलावला, दोन ट्रक खडी टाकली, उतारावर दोन चाकोऱ्यांचं काँक्रीट ओतलं, तर मेव्हण्याचीच काय, नवरीची गाडीसुद्धा वर चढेल. चिरंजीव म्हणाले, “आई, मग ऑल-व्हील-ड्राइव्हला काम काय राहील?” ती म्हणाली, “तेच तर म्हणत्येय.”

चुलत्यांना फोन लावून विचारलं. चुलते म्हणाले, काँक्रीट करायला हरकत नाही, पण उतार अर्धा आपला आणि अर्धा भावकीचा, आणि भावकीतली केस रत्नागिरीच्या कोर्टात. म्हणजे आमच्या ऑल-व्हील-ड्राइव्हचं खरं कारण चिखल नाही, सातबारा आहे. ही गोष्ट कुठल्याही गाडीच्या माहितीपत्रकात आढळणार नाही.

एवढं सगळं गाव झालं. मुंबईत ही गाडी जाणार कुठे? दादरला, भाजीला? एलफिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडायला बंद केला तेव्हापासून पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी सगळी वाहतूक टिळक ब्रिज आणि करी रोडवर येऊन बसलीय. तिथे गाडीचा एकच गिअर चालतो, पहिला, आणि माणसाचा एकच पाय, डावा. ही गाडी नवी आली तेव्हा ऑल-व्हील-ड्राइव्ह फक्त मॅन्युअलमध्ये मिळायची. नंतर ऑटोमॅटिक आली. लालबाग ते दादर रोज करायचं असेल तर चारही चाकांपेक्षा त्या एका पायाचा विचार आधी करावा. राहिलं गिरगाव. तिथे मामाकडे गाडी नेलीच, तर वाडीच्या तोंडाशी मामी आरसे मिटा म्हणून ओरडते, कारण सहा फुटांच्या गाडीला आरसे उघडे ठेवून आत शिरायचं म्हणजे दोन्ही बाजूंच्या वाळत घातलेल्या साड्या बरोबर न्यायची तयारी लागते.

गंमत म्हणजे गाड्या आमच्या परिसराला काही नव्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. महिंद्रांच्या जीप सुरुवातीला जोडल्या गेल्या त्या माझगावला, आणि जीप म्हणजे अस्सल फोर बाय फोर. लालबाग या दोहोंपासून जवळच. आमच्या डाव्या-उजव्या हाताला गाड्या तयार होत होत्या, चाळी बांधणाऱ्यांनी त्या ऐकल्याही असतील. पण एकालाही वाटलं नाही की खाली एखादी ठेवायला जागा सोडावी. अर्थात त्यांचंही बरोबर आहे. ज्याला खोलीत सात माणसं झोपवायची होती, तो खाली मोटार कशाला मोजेल?

मे २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं की पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. बाबांनी ती बातमी कात्रीने कापून देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. “मी हेच विचारत होतो,” ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

आमच्या गल्लीत जागा मिळवायची पद्धत ठरलेली आहे. रंगाचा रिकामा डबा घ्यायचा, त्यात सिमेंट भरून मधे लोखंडी नळी रोवायची आणि तो जिथे गाडी लावायचीय तिथे ठेवायचा. पालिकेच्या लेखी याला काही किंमत नाही, गल्लीच्या लेखी हेच खरेदीखत. बाबांनी डबा तयार केला. त्यावर आडनाव घातलं. मग मंडळाच्या अध्यक्षांची परवानगी, कारण आषाढ सरता सरता तिथे मंडपाचे बांबू येतात ते अनंत चतुर्दशी होईपर्यंत हलत नाहीत.

“तेवढे दिवस गाडी कुठे लावायची?” मी विचारलं.

“गावी न्या की,” अध्यक्ष म्हणाले. “फोर बाय फोर घेताय ना?”

“दीड महिना?”

“मग वर्गणीत बघू.”

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचा शेजारी खाली आला आणि त्याने डबा सरळ दोन फूट सरकवला. त्या जागी त्याची स्कूटर उभी असते, निळ्या ताडपत्रीखाली. ती शेवटची कधी सुरू झाली ते तोही सांगू शकत नाही. सीटखाली मांजरीची पिल्लं होतात. पण जागा तिची आहे, यावर गल्लीत दुमत नाही. तेव्हा गाडीचं बुकिंग तूर्त थांबलंय आणि बायको त्या स्कूटरचा सौदा करत्येय. तो पस्तीस हजार म्हणतोय. ती वीसच्या वर जायला तयार नाही, आणि मांजर त्याने आपल्याकडेच ठेवावी, अशी तिची अट आहे.