मूर्तिजापूरले उतरा, राजेहो!

तुमच्याही गल्लीत एक असेलच. रात्री अकराला सभ्य माणसं कुलर लावून आडवी झाली, की याच्या खोलीतून आरोळी उठते, "अबे, मांगून आला बे, मांगून!" सुरुवातीला शेजारचे काका काठी घेऊन बाहेर यायचे. चोर मोबाइलमध्ये आहे हे कळल्यापासून ते फक्त शिव्या देतात.

आमचा नमुना मूळचा अकोल्याचा. स्पर्धा परीक्षेच्या नावावर अमरावतीत खोली करून आहे. पुस्तकांची थप्पी कॅमेऱ्यात मागे झकास दिसते, तेवढाच तिचा उपयोग. हा बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, मोबाइलवर खेळतो आणि लोकांना थेट दाखवतो. खेळतो म्हणजे मरतो. शंभर जण विमानातून उड्या मारतात, शेवटी एक उरतो, आणि तो हा नसतो. नेमबाजीच पाहायची असेल तर 2019 ची पबजी मोबाइल इंडिया सीरीज जिंकणाऱ्या संघातला नमन माथुर, म्हणजे मॉर्टल, आहे की! याच्याकडे लोक येतात ते नकाशासाठी.

गेममधल्या एरँगल नावाच्या नकाशात मधोमध पोचिंकी नावाचं गाव आहे. मरायची घाई असलेले सगळे तिथंच उतरतात. याच्या लेखी ते मूर्तिजापूर. "अकोल्याहून अमरावतीले जा, नाही तं अमरावतीहून अकोल्याले, मूर्तिजापूर लागतेच. चाला राजेहो, उतरा!" मिलिटरी बेसकडे जाणारा पूल बडनेऱ्याचा. दुसरा नकाशा मिरामार, त्यातलं वाळवंट म्हणजे मे महिन्यातलं अकोला. तिथं खेळताना हा पठ्ठ्या खरोखरच डोक्याला दुपट्टा बांधून बसतो. विकेंडी नावाच्या नकाशातला बर्फ म्हणजे चिखलदरा. आणि एरँगलमधलं जॉर्जोपोलचं बंदर? दर्यापूर! एकानं हरकत घेतली, दर्यापूरला समुद्र कुठून आणला? "पानी खारं आहे ना बे, मंग झालं तं!" खारपाणपट्ट्यात ज्याचा मामा राहतो, त्याच्याशी वाद कोण घालणार? आता पाहणारेही बिनदिक्कत लिहितात, 'भाऊ, दर्यापूरवर एअरड्रॉप पडला.' सरकारी योजना पडल्यासारखं वाटतं.

आधी हा पबजीच खेळायचा. 2020 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं तिच्यावर बंदी आणली, ऑक्टोबरअखेर सर्व्हरही थंडावले. गल्लीला हायसं वाटलं. पण थोड्याच दिवसांत आरोळ्या पुन्हा सुरू! पडद्यावर गेम नव्हताच, हा तोंडानंच खेळत होता. "समजा, आपून बडनेऱ्याच्या पुलावर हावो. समजा, पलीकडून जीप येऊन राह्यली..." लोक ऐकत बसायचे. गोष्ट याची, बंदूक याची, शत्रूही यानंच उभा केलेला, आणि तरी शेवटी हाच मेला.

ऐकतं कोण, तर चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारी, हिंजवडीत खोली करून राहणारी आपलीच पोरं. पुण्यात गेल्यावर दोन महिन्यांत त्यांचं 'मले-तुले' सुटतं. कोणी हसू नये म्हणून ती जपून बोलतात. हा मात्र जगासमोर बेधडक 'काहून बे' म्हणतो आणि वर हरतोही बेधडक. सांगायला जिवावर येतं, पण जिंकणाऱ्याकडे एवढी घरगुती गर्दी जमत नाही.

परवा जूनअखेरीला कोणीतरी विचारलं, "भाऊ, दर्यापूरले पाऊस आला का?"

"गेममधल्या का खऱ्या?"

"खऱ्या. कपाशी लावली बुवानं, फोन उचलून नाही राह्यला."

याचा गडी तेव्हा पहिल्यांदाच शेवटच्या पाचांत होता. हातात बंदूक, समोर उघडं रान. यानं त्याला तिथंच उभा सोडला, दुसरा फोन काढला आणि स्पीकरवर मामाला लावला. मामा झोपेतून उठला. इकडे पडद्यावर कोणीतरी आरामात येऊन याला गोळी घातली. यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"हाव, सांजपासून पडून राह्यला," मामा म्हणाला. "थ्या पोट्ट्याले सांग, झकास पाऊस हाय."

मग जांभई दिली आणि सगळ्या महाराष्ट्राला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आन् तुह्या परीक्षेचं काय झालं बे?"