खिडकीत बटणे बसवण्याची रीत

गोरेगाव पूर्वेला नेस्को किंवा निर्लॉनच्या एखाद्या मजल्यावर बसून पतसंस्थेसाठी जावा स्विंगमध्ये फॉर्म करायचा असेल, तर आधी चहा मागवावा. रिकाम्या पोटी माणूस 'नल लेआउट'कडे वळतो, म्हणजे प्रत्येक बटणाला हाताने आकडे देऊन जागेवर ठोकतो. डेमोत हे देखणे दिसते, कारण डेमो आपल्याच लॅपटॉपवर असतो. पतसंस्थेतल्या काकांनी अक्षरे मोठी करून ठेवलेली असतात. तिथे 'सेव्ह'चे 'जतन करा' केले की बटणावर 'जतन' आणि तीन टिंबे उरतात.

बॉर्डर-लेआउट गोरेगावकराला शिकवावा लागत नाही. ईस्ट, वेस्ट, वर नॉर्थ, खाली साउथ आणि उरलेली सगळी जागा सेंटरला. (गोरेगावात ती रेल्वेने घेतली.) सेंटरमध्ये दोन घटक टाकले तर नंतरचा दिसतो, आधीच्याचे काय झाले, याबद्दल जावा चकार शब्द काढत नाही. म्हणून आत पॅनेल, पॅनेलात पॅनेल, असा संसार थाटावा.

फ्लो-लेआउट जे-पॅनेलला न मागता मिळतो. तळाच्या दोन-तीन बटणांपलीकडे त्याच्यावर विसंबू नये. ग्रिड-लेआउट सर्वांना समान लेखतो, त्यामुळे 'ठीक' हे बटण पत्त्याच्या रकान्याएवढे फुगते. तत्त्व थोर आहे.

ज्यांना शनिवारी घरी काही काम नसते, त्यांनी ग्रिडबॅग-लेआउट घ्यावा. एका घटकामागे अकरा गोष्टी ठरवायच्या. त्यातले 'वेट' मुळात शून्य असते. ते द्यायचे राहिले की सगळे रकाने खिडकीच्या मधोमध घोळका करून उभे राहतात. 2006 मध्ये जावा 6 बरोबर आलेला ग्रुप-लेआउट नेटबीन्सकडून लिहून घ्यावा आणि तो कोड पुन्हा उघडू नये. माझे मत विचाराल तर मिग-लेआउट. पण तो बाहेरून आणावा लागतो, म्हणून परवानगीचा ईमेल आजच पाठवावा. उत्तर येईपर्यंत ग्रिडबॅगच.

फॉर्म पुरा झाला की पतसंस्थेचा फोन येतो: नावाच्या खाली वारसदाराचे नाव हवे. अशा वेळी शांतपणे ओळींचे क्रमांक तळापासून वर बदलत यावेत. वरून सुरुवात केली आणि मध्येच जेवायला उठलात, तर खातेदार आणि वारसदार एकाच चौकटीत एकमेकांवर बसतात.