शेवटच्या पंगतीचे काका

लग्न ठरलं की आमच्याकडे पहिला फोन गुरुजींना जातो आणि दुसरा काकांना. काका कुणाचे सख्खे, हे विचारायचं नाही. आमच्या तीन पिढ्या त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्या सख्ख्या पुतण्याने मात्र नोंदणी पद्धतीने लग्न उरकलं, रीतसर ३० दिवस आधी नोटीस देऊन. "महिनाभर नोटीस फळ्यावर लागली होती, आणि मला पत्ता नाही!" हे दुःख काका चहाच्या दुसऱ्या कपाला अजून बाहेर काढतात.

उभी नोकरी सरकारी खात्यात तीन-तीन कोटेशनं मागवण्यात गेली. त्यामुळे केटरर, डेकोरेटर, फोटोग्राफर, गुरुजी, कुणीही असो, काका त्याच्याकडे आधी संशयाने बघतात आणि मग डायरी उघडतात.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा एका केटररने आम्हाला चव बघायला बोलावलं. काकांनी मोडता घातला. "मुलगी दाखवायच्या दिवशी पोहे कधी बिघडलेत का? जेवायचं तर दुसऱ्याच्या लग्नात, आणि तेही शेवटच्या पंगतीला."

म्हणून एका रविवारी अडीच वाजता आम्ही पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात, ज्यांचं आडनावही ठाऊक नाही अशा वधूवरांच्या लग्नात, पाटीवरचं नाव वाचत शिरलो. माझ्या पायात गोळे आले होते. काका मात्र जाकीट-टोपी घालून, घरचं कार्य असल्यासारखे थेट पानावर बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आपण मुलीकडचे का?" काका म्हणाले, "दोन्हीकडचे."

मग परीक्षा सुरू झाली. मसालेभात गार झाल्यावर मोकळा राहतो की त्याची ढेकळं होतात. अळूच्या भाजीतले दाणे शेवटच्या पानापर्यंत पोचतात की पहिल्या पंगतीतच संपतात. "पहिल्या पंगतीला जिलबी कुणाचीही कुरकुरीत असते रे," काका माझ्या कानाशी कुजबुजले, "आत्ता मठ्ठ्यात पाणी किती पडलंय ते बघ." मठ्ठा घट्ट होता. दमलेला वाढपी न बोलावता परत आला आणि "सावकाश होऊ द्या" म्हणाला. डायरीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण झाली. हात धुवायच्या निमित्ताने काका भटारखान्यातही डोकावून आले. पातेल्यांवर झाकणं होती.

निघताना त्यांनी १०१ रुपयांचं पाकीट दिलं, वर लिहिलं 'शुभेच्छुक'. फुकट जेवायला आपण काही भामटे नाही. तेवढ्यात वधूपिता समोर आले. आता धरले गेलो, असं मला वाटलं, तर त्यांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, आवर्जून आलात, फार बरं वाटलं." आम्ही रस्त्यावर येईपर्यंत काकाही गहिवरलेले होते.

तो केटरर ठरला, पण डायरी मिटली नव्हती. ताटं कोण मोजणार? उचललेली मोजणार की उष्टी? बुफेत एकेक पोरगं दोन-दोन ताटं खराब करतं, तेव्हा ३०० पानांची ३४० कशी होतात ते बिल आल्यावर कळतं. काकांचा नियम असा की सकाळीच ताटांचे गठ्ठे दोन्ही बाजूंच्या माणसांनी मोजून सही करायची. गुरुजींनाही सूट नाही. "मंगलाष्टकं म्हणणारे हौशी आवाज मुहूर्ताच्या मिनिटाला थांबवता येतात का तुम्हाला?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "नोंदणीच्या अर्जावर सही कधी द्याल?" महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्न नोंदवायचं तर अर्जावर तीन साक्षीदारांबरोबर लग्न लावणाऱ्याचीही सही लागते. एका जोडप्याचे गुरुजी दक्षिणा घेऊन यात्रेला निघून गेले आणि इकडे नवरीचा व्हिसा अडकला, ही काकांची आवडती कथा.

आणि अशात मुलगी म्हणाली, "बाबा, आपण वेडिंग प्लॅनर घेऊ या."

"प्लॅन घराचा असतो," काका म्हणाले, "आणि तोही महापालिकेने मंजूर करेपर्यंतच."

प्लॅनर आली. सव्विसेक वर्षांची मुलगी, हातात टॅबलेट, त्यात झेंडूच्या सतरा छटा. काकांनी छटांकडे बघितलंही नाही.

"जनरेटर कुणाचा?"

"कार्यालयाचा. पण डिझेल किती आहे ते आदल्या रात्री मी स्वतः टाकी उघडून बघते."

"रिसेप्शनला स्पीकर किती वाजता बंद?"

"नियमाने दहाला. पण डीजेला दहा सांगितले की सव्वादहा करतो, म्हणून मी त्याला साडेनऊच सांगते."

काका जरा पुढे सरकले. "डेकोरेटर तुमच्या ओळखीचा. त्यात तुम्हाला काय सुटतं?"

बायको बशीतली चकली बघू लागली. मुलगी म्हणाली, "सुटतं. किती ते बिलात वेगळं लिहून देते. नको असेल तर तुमचा डेकोरेटर आणा, मग माझी फी तेवढी वाढेल."

काकांनी डायरी मिटली. "हिला आल्याचा चहा द्या," एवढंच म्हणाले.

लग्न पार पडलं. अंतरपाट मिनिटाला दूर झाला, ताटं मोजणीत बसली. विहीणबाईंच्या रुसव्यासाठी म्हणून प्लॅनरने वेळापत्रकात वीस मिनिटं मोकळी ठेवली होती. त्या अकराव्या मिनिटालाच हसल्या. काका दिवसभर भटारखान्याच्या दाराशी पंख्याखाली बसून होते. दर अर्ध्या तासाने कुणीतरी येऊन त्यांना विचारायचं, "काका, मीठ बघता का?" त्यांच्या तोंडावरचं समाधान नवऱ्यामुलाच्या तोंडावरही नव्हतं.

संध्याकाळी सामान आवरताना त्या मुलीच्या कामांची यादी टेबलावर राहिलेली सापडली. जनरेटर, अक्षता, नवरीच्या साडीच्या पिना, आणि सातव्या ओळीला: 'काका (प्रत्येक लग्नात एक असतात): सकाळी ९ पासून भटारखान्याजवळ खुर्ची, पंखा. अर्ध्या तासाने मीठ विचारणे. चहा बिनसाखरेचा.'

मी कागद लपवायच्या आत काकांनी तो घेतला. चष्मा लावला. सावकाश दोनदा वाचला. मग खिशातलं पेन काढून 'बिनसाखरेचा'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'अर्धा चमचा'.